पद्मिनीच्या इंडिकेटरचे पासष्ट दिवस

७ जानेवारी २०२४, रविवार. आईला घेऊन नाशिकरोडला मावशीकडे निघाले होते. द्वारका सर्कलला वळायचं म्हणून इंडिकेटरची दांडी ढकलली, तर ती नुसतीच ढकलली गेली. 'टक्' आवाज नाही, कुठे अडकणं नाही, दिवा नाही. दुधाचा दात हलावा तशी दांडी हातात डुगडुगत राहिली. द्वारकेला ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मागे ट्रॅव्हल्सची बस, डावीकडे तीन रिक्षा. काच खाली करून उजवा हात बाहेर काढला, तसा बाजूचा स्कूटीवाला मुलगा म्हणाला, "काकू, काही पडलं का?" हाताने वळण दाखवतात हे त्याच्या पिढीला ठाऊकच नाही. आई मात्र शांतपणे म्हणाली, "अण्णा असाच हात दाखवायचे. इंडिकेटरवर त्यांचा विश्वास नव्हता." अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचा विश्वास का नव्हता, ते दोन आठवड्यांनी कळलं.

गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी. अण्णा नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते, तेव्हा नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. १,०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टीअरिंगलाच, आणि तीन इंग्रजी अक्षरांची जुनी नंबरप्लेट. अण्णा गेल्यावर २०१८मध्ये फॉर्म ३१ भरून मी ती माझ्या नावावर करून घेतली. रोज चालवत नाही. रविवारी एक फेरी, सणाला एक.

हे सगळं लिहायचं कारण असं, की त्या आठवड्यात मला हवी ती माहिती मराठीत कुठेच एकत्र सापडली नाही. शिवाय घाई होती. खाजगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आमची मुदत १८ मार्च २०२४ला संपत होती. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते आणि तिथे इंडिकेटर लावून दाखवावा लागतो. नियम १०२ प्रमाणे रंग अंबर (पिवळसर केशरी) हवा आणि मिनिटाला ६०पेक्षा कमी नाही, १२०पेक्षा जास्त नाही इतक्या वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. म्हणजे हातात दहा आठवडे, आणि बँकेतली नोकरी सांभाळून फक्त दुसरे-चौथे शनिवार, रविवार आणि सुट्ट्या.

पहिला आठवडा 'नेमकं बिघडलंय काय' यातच गेला. इंडिकेटर लागत नाही म्हणजे स्विच गेला असं नसतं. फ्यूज, फ्लॅशर (दिवा लुकलुकवणारी छोटी डबी), बल्ब, बल्बचं अर्थिंग आणि स्विच, यातलं काहीही असू शकतं. फ्यूज मी स्वतः काढून पाहिला. पद्मिनीत पांढरे, दोन्ही बाजूंना टोकदार असे चिनी मातीचे फ्यूज असतात. ते जळत नाहीत तेव्हाही क्लिपवर गंज धरून रुसतात. बारीक पॉलिश पेपर फिरवून परत बसवला. काही नाही. दांडी हाताने वर धरून ठेवली तरी दिवा नाही. म्हणजे दांडी मोडली होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं.

१२ जानेवारीला पंतप्रधानांचा नाशिक दौरा होता, युवा महोत्सवासाठी. शहरातले बरेच रस्ते बंद, त्यामुळे इलेक्ट्रिशियनकडे जायचं ते १३ तारखेवर, दुसऱ्या शनिवारवर गेलं. हा इलेक्ट्रिशियन जुना माणूस. डॅशबोर्डखाली आडवा झाला, फ्लॅशरच्या दोन पिनांवर तारेचा तुकडा धरला आणि मला म्हणाला, "ताई, आता दांडी वर धरा." दोन्ही उजवे दिवे लागले, न लुकलुकता, स्थिर. म्हणजे तारा ठीक, बल्ब ठीक, फ्लॅशर मेलेला. ही तपासणी घरी करता येते, फक्त किल्ली चालू असताना तारेचं टोक बॉडीला लागू देऊ नका. नवा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर १८० रुपयांना मिळाला. घेताना त्यावर १२ व्होल्ट आणि २१ वॅटचे दोन बल्ब असं लिहिलंय ना ते बघा. दुचाकीचा फ्लॅशर दिसायला तसाच असतो आणि चारचाकीत टिकत नाही.

दांडीबद्दल मात्र त्याचं मत ठाम होतं. "स्टीअरिंग कशाला उघडता? डॅशबोर्डला टॉगल मारून देतो. वर केलं की डावं, खाली केलं की उजवं. अडीचशेत काम. निम्म्या पद्मिन्यांना मीच मारलेत."

तो खोटं बोलत नव्हता. टॉगलने काम होतं. पण टॉगल आपोआप बंद होत नाही, आणि मी गॅस बंद केला का हे बघायला जिन्यातून परत जाणारी बाई आहे. उजवा इंडिकेटर चालू ठेवून मी त्र्यंबकपर्यंत जाईन याची मला खात्री होती. त्याला १०० रुपये देऊन, "विचार करते" म्हणून निघाले. ते वाक्य दुकानदारांना बरोबर कळतं.

२२ जानेवारीला सोमवारी सुट्टी होती. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याला पोहे आणि दोन कप चहा या मोबदल्यावर बोलावलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुपारी तीनला काम सुरू केलं.

पहिली चूक तिथेच. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची राहिली आणि भाच्याने हॉर्नची रिंग उचकटली. हॉर्न जो सुरू झाला तो थांबेना. चार मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. तेव्हा आधी बॅटरी, मग बाकी सगळं. दुसरी गोष्ट, चाकं सरळ करून स्टीअरिंग काढा आणि काढण्यापूर्वी स्टीअरिंग व शाफ्ट दोन्हींवर मिळून एक रेघ मारा. भाच्याने पेन्सिलने मारली. मी म्हटलं पुरेल. पुरली नाही, ते पुढे येईलच. नेलपॉलिशने मारायला हवी होती.

स्टीअरिंगचा मधला नट खोलात असतो, साधा पाना पोचत नाही, बॉक्स पाना लागतो. नट पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन आटे राहू द्यायचे. मग सीटवर बसून, दोन्ही गुडघे स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला लावून, हातांनी आलटून पालटून एकेका बाजूला ओढायचं. चाळीस वर्षांचं चाक सुटतं तेव्हा एकदम सुटतं. नट नसेल तर थेट तोंडावर येतं. हातोडी अजिबात मारायची नाही. आमचं वीस मिनिटांनी सुटलं.

आतल्या तारा एके काळी वेगवेगळ्या रंगांच्या असतील. आता सगळ्या मातकट. त्यामुळे प्रत्येक तारेवर चिकटपट्टीचा झेंडा लावून १, २, ३ लिहिलं आणि मोबाइलवर सात-आठ फोटो काढले. मग स्विच बाहेर काढून टेबलावर घेतला, झाकण उचललं आणि 'टिंग' असा बारीक आवाज झाला. काहीतरी उडालं. काय उडालं हे दोघांनाही कळलं नाही. अर्धा तास फरशीवर हात फिरवून एक स्प्रिंग सापडली. जे सापडलं नाही तो छर्रा (बारीक गोळी) होता, हे नंतर कळलं. हा स्विच कोणी उघडणार असेल तर दोन्ही हात पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उघडा. जे उडेल ते पिशवीत राहील.

आतली रचना कळली की भीती अर्धी होते, म्हणून सांगते. दांडी एका छोट्या बुशभोवती (पोकळ गोल तुकड्याभोवती) फिरते. बुशच्या कडेला तीन खाचा: मधली बंदची, दोन बाजूंच्या डाव्या-उजव्या. स्प्रिंग छर्ऱ्याला त्या खाचेत दाबून धरते, तोच तो 'टक्'. दांडीबरोबर पितळी पट्टी सरकते आणि फ्लॅशरकडून आलेला करंट डावीकडच्या किंवा उजवीकडच्या तारेत जातो. वळण घेऊन स्टीअरिंग परत फिरलं की त्याच्या बुडाशी असलेला उंचवटा आतल्या कुत्र्याला (म्हणजे खटक्याच्या छोट्या जिभेला) ढकलतो आणि दांडी मधल्या खाचेत येते. बस. बँकेत यापेक्षा अवघड फॉर्म मी रोज भरते.

आमच्या बुशला आरपार तडा होता. आणि त्या तड्यात, स्प्रिंगला टेकू म्हणून, काळ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा बसवलेला होता. कानशीने घासून अगदी मापात केलेला. एका कडेला मात्र दोन दात तसेच राहिले होते. भाचा म्हणाला, "मावशी, हा कंगवा आहे."

तुकडा आईला दाखवला. तिने चष्मा लावला, उजेडात धरला आणि म्हणाली, "हा माझा. पुण्याहून आणलेला. किती वर्षं शोधत होते मी."

म्हणजे अण्णांनी हा स्विच आधीच एकदा दुरुस्त केला होता, कोणाला न सांगता. सांगितलं असतं तर कंगव्याचा हिशोब द्यावा लागला असता. झिजून झिजून तो तुकडा ७ जानेवारीला द्वारकेला निसटला. इंडिकेटरवर विश्वास का नव्हता हे मला त्या दिवशी कळलं. आत काय आहे ते त्यांना माहीत होतं.

पुढचे अडीच आठवडे भटकंतीचे. शहरातली चार स्पेअरची दुकानं झाली. तिघांनी 'फियाट' (पद्मिनीला सगळे फियाटच म्हणतात) शब्द ऐकताच मान हलवली, चौथ्याने माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघून मग मान हलवली. एकाने रिक्षाचा स्विच बसेल म्हणून दाखवला, पण त्यात आपोआप बंद होण्याची सोयच नव्हती. हे टॉगलच झालं, नुसतं अंगरखा घातलेलं.

सगळ्यांचा सल्ला एकच: मुंबईला जा, कुर्ल्याला भंगारात मिळेल. पद्मिनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातच बनायची, म्हणजे एका अर्थी गाडीच्या माहेरीच जायचं होतं. १० फेब्रुवारीला, दुसऱ्या शनिवारी, सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली. दादरला उतरून लोकलने कुर्ला. मोडलेला स्विच पिशवीत घालून बरोबर घेतला होता. तो घरी ठेवून जाऊ नका. नुसता फोटो पाहून कोणी कपाट उघडत नाही.

दोन तास फिरले. एका गल्लीत एक म्हातारे गृहस्थ गिअरबॉक्सच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसले होते. स्विच हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "फियाटचा माल आता कुठला बाई. टॅक्सी होत्या तोवर रोज यायचा. टॅक्सी बंद, माल बंद." खरंच होतं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला झालेली, आणि मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. हळहळ करणारे लेख मीही वाचले होते. पण त्या टॅक्सींच्या जिवावर आपल्यासारख्यांच्या गाड्यांचे सुटे भाग चालत होते, हे तिथे उभं राहीपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. मला साडेतीन महिने उशीर झाला होता.

तरी त्यांनी आतून एक वापरलेला स्विच काढून दिला. दोन हजार म्हणाले, बाराशेला दिला. परतीच्या गाडीत मी तो तीनदा पिशवीतून काढून पाहिला. इगतपुरीला वडापाव खाताना दोन्ही स्विच शेजारी-शेजारी धरले आणि पोटात गोळा आला. नवा (म्हणजे जुना) स्विच नंतरच्या मॉडेलचा होता. कॉलमवर बसायची पकड वेगळी, पितळी पट्टी रुंद. आमच्या गाडीला बसणारच नव्हता. त्या रात्री नवऱ्याने "टॉगल कितीला म्हणाला होता?" असं विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

दोन दिवसांनी, बँकेत चेकवर शिक्का मारताना सुचलं. पकड वेगळी असली तरी आतला बुश? घरी येऊन दोन्ही उघडले, या वेळी पिशवीत हात घालून. बुशचा आकार तोच! फक्त उंची किंचित जास्त आणि एका बाजूला तो कमालीचा झिजलेला. वापरता येत नव्हता, पण नमुना म्हणून सोन्यासारखा होता. आमच्या तडकलेल्या बुशवरून खाचांची मापं मिळत नव्हती. याच्या न झिजलेल्या बाजूवरून मिळत होती. बाराशे रुपयांना मी माप विकत घेतलं होतं.

नाशिककरांना अंबड आणि सातपूर म्हटलं की मोठे कारखाने आठवतात. त्या कारखान्यांच्या मागच्या बाजूला एका लेथवर चालणारी शेकडो छोटी वर्कशॉप आहेत. शेजारच्यांच्या ओळखीने अंबडच्या एका काकांकडे १४ फेब्रुवारीला संध्याकाळी बँकेतून परस्पर गेले. एका नगासाठी मशीन थांबवायला कोणी तयार होत नाही, ही अडचण खरी आहे. त्यामुळे जाताना "किती घ्याल" असं न विचारता "तुमच्या सवडीने करा" म्हणावं. त्यांनी दोन्ही बुश व्हर्नियरमध्ये धरून मापं घेतली, पाठकोऱ्या चलनावर आकृती काढली आणि विचारलं, "नायलॉन की डेलरिन?"

मी म्हटलं, "स्वस्त कुठलं?"

"स्वस्त नायलॉन. पण ताई, नायलॉन पाणी पितं. आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगेल आणि दांडी जाम होईल. डेलरिन घ्या."

डेलरिन घेतलं. १९ला शिवजयंतीची सुट्टी, २१ला तुकडा हातात आला, पांढराशुभ्र. बसवून पाहिला तर दांडी इतकी घट्ट, की स्टीअरिंगचा उंचवटा तिला परत ढकलू शकेना. परत अंबड. काकांनी दोन दशांश मिलिमीटर उतरवले, एवढंच, आणि दांडी बोटाने ढकलली की खाचेत जायला लागली. ४०० रुपये झाले. दुसऱ्या फेरीचे घेतले नाहीत. "गाडी एकदा दाखवायला आणा," म्हणाले. नेली, त्यांनी चहा पाजला.

उडालेल्या छर्ऱ्याचा प्रश्न घराजवळच्या सायकलवाल्याने सोडवला. स्विचमधल्या खळग्यात सायकलच्या फ्रीव्हीलचा छर्रा, एक अष्टमांश इंचाचा, अचूक बसला. दहा रुपयांत मूठभर मिळाले. जास्तच घ्या. भाच्याने दुसऱ्या जुळणीत अजून एक उडवला.

२४ फेब्रुवारी, चौथा शनिवार, जुळणीचा दिवस. पितळी पट्टी पेट्रोल आणि जुन्या टूथब्रशने धुतली, त्यावर पॉलिश पेपरचा एक हलका हात. ग्रीस फक्त छर्ऱ्याला, तेही टाचणीच्या डोक्याएवढं. पट्टीवर अजिबात नाही. एक तार लग्जपाशी, म्हणजे टोकाच्या धातूच्या जोडापाशी, तुटायला आली होती, तिला नव्याने डाग दिला (सोल्डर केली). स्विच बसवला, झेंड्यांप्रमाणे तारा जोडल्या, स्टीअरिंग ठेवलं. पेन्सिलची रेघ हातांच्या तेलाने पुसली गेली होती. अंदाजाने बसवलं, नट आवळला, बॅटरी जोडली.

दांडी वर. टक्. उजवीकडे दोन्ही दिवे लुकलुकायला लागले आणि आम्ही दोघांनी पार्किंगमध्ये टाळी दिली. मग सोसायटीतच एक चक्कर मारली. उजवं वळण घेतलं की दांडी परत येत होती, डावीकडे येत नव्हती. आणि डावा इंडिकेटर दुप्पट वेगाने धावत होता.

पहिल्याचं कारण पेन्सिल. स्टीअरिंग एक दाता चुकून बसलं होतं, त्यामुळे उंचवटा मध्यापासून सरकला होता. परत हॉर्न, परत नट, परत गुडघे. या वेळी आईची मरून नेलपॉलिश. दुसऱ्याचं कारण मागचा डावा दिवा. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला एका बाजूचा बल्ब लागलेला नाही हे कळतं, तेव्हा तो घाईने लुकलुकून ओरडतो. तो बिघाड नव्हे, निरोप असतो. दिव्याची काच काढली तर होल्डर गंजून बॉडीशी संपर्कच तुटलेला. घासून साफ केलं, बल्ब पेटला, वेग जाग्यावर आला. घड्याळ लावून मोजलं: ३० सेकंदांत ४२, म्हणजे मिनिटाला ८४. एलईडी बल्ब लावायचा विचार असेल तर हेच लक्षात ठेवा. एलईडी फार कमी करंट ओढतो, त्यामुळे फ्लॅशरला बल्ब नाहीच असं वाटतं आणि तसाच धावतो.

आता कागद. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून करता येतो. परिवहनच्या संकेतस्थळावर मी २६ फेब्रुवारीला रात्री भरला. आरसीशी जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना ते आधी पाहा, ओटीपी तिथेच येतो. माझा नंबर २०१८मध्येच घातला होता म्हणून निभावलं. फी ५,००० रुपये, पेट्रोल गाडीचा पाच वर्षांचा पर्यावरण कर ३,०००, शिवाय स्मार्ट कार्ड आणि टपालाचे किरकोळ. (हे आकडे त्या वेळचे. २०२५च्या ऑगस्टपासून २० वर्षांहून जुन्या मोटारीची नूतनीकरणाची फी १०,००० झाली आहे.) तारीख मिळाली ७ मार्च, गुरुवार. बरोबर न्यायचं ते असं: मूळ आरसी, विमा, पीयूसी, फॉर्म २५, फी आणि कराच्या पावत्या आणि फॉर्मवर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. चेसिस नंबरवर चाळीस वर्षांची धूळ-तेलाची साय असते. ती घरी केरोसीनने पुसून, नंबरवर कागद धरून वर पेन्सिल घासा. तिथे उन्हात, मागे रांग असताना हा उद्योग होत नाही. जुन्या गाडीची पीयूसी सहाच महिन्यांची असते. आमची नेमकी आदल्या आठवड्यात संपली होती.

कोणीतरी सुचवलं होतं की व्हिंटेजमध्ये नोंदवा. ती सोय ५० वर्षांपुढच्या गाड्यांना आहे. म्हणजे आम्हाला २०३४मध्ये. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मग मावशीकडे कसं जाणार?

७ मार्चला सकाळी साडेनऊला पेठ रोडला आरटीओत पोचले. पोटात परीक्षेसारखं होत होतं. निरीक्षक साहेब गाडीपेक्षा किमान दहा वर्षांनी लहान असावेत. चेसिस नंबर पाहिला, ब्रेक पाहिला, वायपर, हॉर्न. मग म्हणाले, "इंडिकेटर." मी दांडी ढकलली. टक्. पुढे जाऊन बघितलं, मागे जाऊन बघितलं, डावा, उजवा. "ठीक." मी श्वास सोडला.

"पार्किंग लाइट लावा." लावले. ते मागेच थांबले. "मॅडम, नंबरप्लेटचा दिवा लागत नाही."

दोन महिने मी त्या गाडीच्या दिव्यांशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं आणि नंबरप्लेटवर एक दिवा असतो हे माझ्या ध्यानातही नव्हतं. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. "दुरुस्त करून आणा," म्हणाले, आवाज न चढवता. बल्ब २० रुपयांचा. त्यासाठी ८ला महाशिवरात्र, मग दुसरा शनिवार, रविवार, सोमवार बँकेत सुट्टी मिळेना असं करत १२ मार्च उजाडला. त्या दिवशी पंधरा मिनिटांत झालं. तपासणीच्या आदल्या रात्री गाडी अंधारात उभी करा आणि सगळे दिवे लावून एक प्रदक्षिणा घाला, असं मला कोणी सांगायला हवं होतं.

खर्च विचारतात म्हणून: फ्लॅशर १८०, इलेक्ट्रिशियन १००, कुर्ल्याचं 'माप' १,२००, प्रवास-खाणं साधारण ६००, लेथ ४००, छर्रे १०, तार-डाग-पॉलिश पेपर १५०, बल्ब २०. एकूण २,६६०. टॉगल अडीचशेत झालं असतं, हे घरात अजून अधूनमधून ऐकू येतं.

आरसीचं नवं कार्ड २८ मार्चला स्पीड पोस्टाने आलं, रंगपंचमीच्या दोन दिवस आधी. आमच्याकडे रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उड्या मारणारी मंडळी ओल्या कपड्यांनी कुठेही टेकतात, म्हणून गाडीवर कव्हर घालून ठेवलं होतं. ते काढून आईला द्वारकेमार्गे मावशीकडे नेलं. वळणावर दांडी ढकलली, टक् झालं, वळल्यावर आपणहून परत आली. आई काही बोलली नाही. कंगव्याचा तो तुकडा मी ग्लोव्ह बॉक्समध्ये एका डबीत ठेवला आहे. परत येताना तिने डबी उघडून पाहिली.

"हे दोनच दात," ती म्हणाली. "बाकीचा कंगवा गाडीत कुठे कुठे लावलाय ते बघ एकदा."

परवापासून वायपर करकरतोय. अजून उघडलेला नाही.